रुमालाखालची बोटं

माझ्या मामांचं नाव हिलाल नव्हतं. इथे मी त्यांना हिलालमामा म्हणणार आहे आणि त्यांच्या मुलाला सुनील, कारण पुढे एक गोष्ट येणार आहे ती एका माणसाला कळू नये अशी माझी इच्छा आहे. तो माणूस मराठी पुस्तकांच्या वाटेला जात नाही, एवढाच मला आधार. गाव मात्र बदलत नाही. सारंगखेड्याच्या जागी दुसरं काही लिहिलं, तर मामा वरून खाली उतरतील आणि मला अंगणात चालून दाखवायला लावतील.

लोकांना चालायला लावणं ही त्यांची खोड होती. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात त्यांनी पन्नास वर्षं दलाली केली. स्वतःचा घोडा त्यांनी कधी ठेवला नाही. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे आणि मामा मधे, खांद्यावर लाल चौकड्यांचा मोठा रुमाल टाकून. घोड्याची चाल, दात, भोवरे बघून ते सांगत की हे जनावर घरात ठेवण्यासारखं आहे की नाही. बाजार वर्षातून पंधरा दिवस. उरलेले साडेतीनशे दिवस ही नजर कुठे खर्च करायची, हा प्रश्न होता. ती त्यांनी नातेवाइकांवर खर्च केली.

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलाकडची मंडळी चहा घेऊन बसली होती. मामा नवऱ्यामुलाला म्हणाले, "पाहुना, जराखा त्या लिंबलगून जाई या."

त्या बिचाऱ्याला वाटलं, आमच्याकडे अशी काही रीत असेल. तो उठला, लिंबाच्या झाडापर्यंत गेला आणि परत आला. मामा त्याच्या पायांकडे बघत होते.

"आते पयत या."

तो पळतही आला. नवे बूट, कडक इस्त्रीची पँट, आणि हा माणूस आमच्या गल्लीत भर दुपारी पळतोय. माझे वडील कपाळाला हात लावून बसले. मामांनी निकाल दिला: "दम शे. मांगना डावा पाय जराखा ओढस, पन खुंटाले बांधेल राही." लग्न झालं. याला आता सव्वीस वर्षं होतील, अजूनही सारंगखेड्याची वेस आली की आमचे हे डावा पाय जरा जास्त उचलून टाकतात. मागचा डावा म्हणजे नक्की कुठला, हे विचारायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

भोवऱ्यांवर त्यांचा फार जीव. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. कुठला कुठे आहे त्यावरून मालकाचं भलंबुरं ठरतं. त्यातले दोन आम्हा सगळ्या भाचरांना पाठ होते. पायावरच्या भोवऱ्याचं तोंड खाली असेल तर घोडा खुंटागाड: मालकाचा खुंटा रोवून देतो, त्याला घर सोडू देत नाही. तोंड वर असेल तर खुंटाउपाड: मालकाला गावातून उठवतो. मामा म्हणत, बाकी सगळ्या खोडी चालतील, खुंटाउपाड दारात नको.

आणि सौदा. बाजारात सौदा बोलून होत नसे. कशाचा आकडा, ते आधी चारचौघांत मोठ्याने सांगायचं. मग मामा रुमाल पसरायचे. त्याखाली विकणाऱ्याचा हात धरायचा. तो दलालाची बोटं दाबून आपला आकडा सांगणार. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. मग तसाच घेणाऱ्याचा हात. एकाचा आकडा दुसऱ्याला कळत नाही, आजूबाजूच्या शंभर लोकांना तर नाहीच. दोन्ही आकडे माहीत असतात एका दलालाला, म्हणून त्याचं तोंड भिंतीसारखं पाहिजे. सौदा झाला की मामा त्याच रुमालाने आपला हात पुसायचे, बोट न बोट. "हात पुसा म्हंजे आकडा गया," असं ते म्हणत. पुसलेला आकडा त्यांनी आयुष्यात कोणाला सांगितला नाही, मामीलासुद्धा नाही. मामी यावरून त्यांना बोल बोल बोलायची.

मी सात-आठ वर्षांची असताना एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला घेऊन माहेरी आली. आई म्हणे चार दिवस राहायचं, मी म्हणे दहा. रडून मी घर डोक्यावर घेतलं. मामांनी रुमाल काढला. माझा हात आत घेतला. मी त्यांचा पंजा दोनदा जीव खाऊन दाबला. मग आईचा हात घेतला. मामांनी जरा विचार केल्यासारखं केलं आणि जाहीर केलं, "आठ!"

आई ओरडली, "दादा, चार आणि दहाचं मधलं सात होतं!"

"दलालनी खोटं बोलानं नही," मामा हात पुसत म्हणाले, "पन मोजतांना चुकाले हरकत नही."

अशा माणसाला शेवटी एका साबणाच्या वडीने पाडलं. मामी जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, मामा एकटे राहत होते. न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मी शहाद्याला शाळेत शिकवते. बातमी कळली तशी अर्ध्या तासात पोचले. मामांना दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटत होती. "पन्नास वरीस घोडास्न्या लाथा चुकाड्यात," ते नंदुरबारच्या दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "नि साबननी वडीनी पाडं."

ऑपरेशन झालं, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. वॉकर घेऊन अंगणापर्यंत, बस. तेव्हा सुनीलने सुरतेहून ती गाडी पाठवली. चार छोटी चाकं, बसायला खुर्ची, पुढे दांडी, दांडीला टोपली, सगळं बॅटरीवर. लाल रंग. टेम्पोवाल्याने ती अंगणात उतरवली आणि मामांनी वॉकर टेकत तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली. खुर्ची उचलून खाली बघितलं. चाकं दाबली.

"हिनं वय काय?"

"काका, नवीकोरी आहे."

"दात देखत नही तवलगून समद्या नव्याच ऱ्हातस," मामा म्हणाले.

मग ते बसले. पुढे नेली, थांबवली, मागे घेतली. मागे घेताना गाडी टी-टी-टी वाजायला लागली. मामा थबकले. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. टी-टी-टी. त्यांचा चेहरा उजळला, ते माझ्याकडे वळले.

"मांगे जातांना सांगी देस! मंगल, आशी इमानदार घोडी मी जलममा देखी नही."

त्या दिवसापासून मामा पुन्हा गावात दिसू लागले. तापीच्या पुलापर्यंत जायचे, चहा प्यायचे, परत यायचे. वेग एवढाच की घरी परतणाऱ्या म्हशी त्यांना ओलांडून पुढे जात आणि जाताना वळून बघत. संध्याकाळी अंगणात आल्यावर ते गाडीला साखळी लावून ती दाराजवळच्या खुंट्याला अडकवत. मी एकदा विचारलं, मामा, ही कुठे पळून जाणार आहे?

"सवय शे," ते म्हणाले. "तिन्ही नही, मन्ही."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण सुनीलचा जीव सुरतेत टांगणीला लागलेला. म्हातारा एकटा, पुन्हा पडला तर? "आबा, कायमना सुरतले या," असं तो रोज फोनवर म्हणायचा. मामा फोन स्पीकरवर ठेवून बोलत, त्यामुळे हे भांडण अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होतं.

"सुरतमा काय शे? चौथा मजला. चौथा मजलावर पोपट ठेवतस, मानूस नही."

"आबा, लिफ्ट शे ना!"

"लिफ्ट बी पिंजराच शे."

सहा महिने हे चाललं. एक जण म्हणे कायमचं या, दुसरा म्हणे एक दिवस येणार नाही. दोघांचेही फोन झाल्यावर मलाच फोन. मी वर्गात फळ्याकडे तोंड करून कुजबुजत "हो मामा, हो सुनील" करायची, मागे पोरं खुदूखुदू हसायची. शेवटी सुनीलनेच एक तोड काढली. नवापूरच्या अलीकडे हायवेवर नवीन पार्क झालं होतं, पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या वगैरे. त्याच्या मुलीला, रिद्धीला, ते बघायचंच होतं. तो सुरतेहून येईल, आम्ही सारंगखेड्याहून जायचं. दोघांना जवळपास सारखंच लांब. मामांना सांगितलं होतं, नात बोलावतेय. मला मात्र सुनीलने फोनवर वेगळं सांगितलं: "ताई, आज काय ते ठरवूच. येतीन तं कायमना, नही तं मी हाऊ विषय सोडी दिसू."

म्हणजे मामांचा खुंटा सारंगखेड्यात राहतो की उपटला जातो, हे त्या दिवशी ठरणार होतं. आणि ते ठरवायची जागा काय, तर घसरगुंड्या.

छोटा हत्ती टेम्पो भाड्याने घेतला. मागे लाल गाडी दोऱ्यांनी बांधलेली, पुढे ड्रायव्हर, मामा आणि मी. मामांनी पांढरा शर्ट, टोपी आणि खांद्यावर तो रुमाल असा बाजाराचा पूर्ण थाट केला होता. पार्कच्या गेटवर सुनील, त्याची बायको आणि रिद्धी उभी होती. गाडी उतरवली, मामा बसले आणि थेट गेटात घुसले. रखवालदार आडवा आला.

"काका, गाडी आत नाही चालणार. टू-व्हीलर पार्किंग तिकडे."

"ही गाडी नही, भो," मामा शांतपणे म्हणाले. "ह्या मन्हा पाय शेतस. पाय पार्किंगमा ठी देऊ का?"

रखवालदाराने वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठांनी विचारलं, किती चाकं आहेत? चार, म्हणाला. मग फोर-व्हीलर पार्किंगला पाठवा. शेवटी सुनीलने डॉक्टरचा कागद दाखवला, मी मास्तरणीच्या आवाजात दोन वाक्यं बोलले आणि आम्ही आत गेलो.

आत कारंजं होतं. सुनीलची बायको आणि मी खाण्याच्या वस्तू कुठे मिळतात ते बघायला गेलो, दहा मिनिटंही झाली नसतील. परत येतो तर मामा रिद्धीला मांडीवर बसवून कारंज्याला फेरी मारतायत. त्यात वावगं काही नव्हतं. पण मागे बारा-पंधरा पोरांची रांग लागली होती. एक बाई दोन मुलांची बखोटी धरून सुनीलला विचारत होत्या, "भाऊ, ह्या लाल गाडीचं तिकीट कुठे मिळतं? मोठ्या तिकिटात येते का ही?"

सुनील समजावत होता की ते पार्कचं खेळणं नाही, ते आमचे वडील आहेत. बाईंना पटत नव्हतं. "मग रांग कशाला लावलीय?" त्यांचंही खरं होतं. मामा तिकडे तिसऱ्या पोराला उतरवून चौथ्याला घेत होते आणि वळणावर मुद्दाम मागे घेऊन टी-टी वाजवत होते, त्याला पोरं टाळ्या पिटत होती. शिट्टी फुंकत रखवालदार आला तेव्हा त्यांनी त्यालाच विचारलं, "तुले बी बसनं शे का?"

सुनीलचा पारा चढत चालला होता. बापाने जरा म्हाताऱ्यासारखं वागावं, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल, अशी त्याची अपेक्षा असावी. मामा तर त्या दिवशी दहा वर्षांनी लहान झाले होते.

दुपारी आम्ही घोड्यांच्या चक्रीपाशी आलो. गोल छत, त्याखाली खांबांना टोचलेले रंगीत घोडे, वरखाली होत फिरणारे. चक्री चालवणारे जयवंतभाऊ पार्कमागच्या पाड्यावरचे शेतकरी. भाताचं काम नसलं की इथे मजुरीवर येत. चक्री थांबली तसे मामा गाडी घेऊन अगदी कठड्याला भिडले. रिद्धी एका निळ्या घोड्यावर चढत होती.

"थांब व माय," मामा ओरडले. "आधी मी देखस."

आणि त्यांनी तपासणी सुरू केली. घोडे फायबरचे, पायांवर, मानेवर सोनेरी रंगाची वळणं काढलेली. मामा मान वाकडी करून एकेक पाय बघत होते. चक्रीभोवती पूर्ण चक्कर मारून आले. चेहरा गंभीर.

"समदा खुंटाउपाड शेतस," ते म्हणाले. "एकबी खाले तोंडना नही. आशा घोडा कोनी लयात?"

"आबा, ते फायबरना घोडा शेतस!" सुनील म्हणाला. "रंगारीनी रंग दियेल शे त्यास्ले."

जयवंतभाऊ मात्र पुढे आले. खापरच्या बाजारातून बैल आणणारा माणूस, त्यांना भोवऱ्याची भाषा कळली. "काका, खरं बोलता तुम्ही," ते म्हणाले. "ही चक्री आधी गुजरातमध्ये होती. तिथून उखडली, मग दुसरीकडे लावली, तिथूनही उखडली. इथं आता दुसरं वर्ष. मालक म्हणतो, कुठे टिकतच नाही."

मामांनी सुनीलकडे असं बघितलं की जणू पन्नास वर्षांचा हिशेब त्या एका नजरेत चुकता झाला. जयवंतभाऊंनी त्यांना मधल्या रथात बसायचा आग्रह केला. वयस्क माणसांसाठी तो होता. "रथमा नवरदेव बसस नही तं पुतया," मामा म्हणाले; पुतळा होऊन बसायला ते तयार नव्हते.

त्या खुंटाउपाडवरूनच ठिणगी पडली. सुनील म्हणाला, खुंटा, खुंटा काय करता, त्या घरात रात्री पडलात तर तुम्हाला कोण उचलणार आहे? मामा म्हणाले, पडसू तं मन्हा घरमा पडसू. आवाज चढले. सुनीलची बायको रिद्धीला घेऊन लांब गेली. लोक वळून बघायला लागले. मगाचच्या तिकिटवाल्या बाई तर मुलांसकट येऊन उभ्या राहिल्या. आणि एकाएकी मामांनी हात वर केला, बाजारात करत तसा.

"बस. घोडाना सौदा बोंबलीसन व्हत नही." त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. "मंगल, आठे ये. तू दलाल."

"मी?"

"तू नही तं कोन? मी कसा व्हसू? आज घोडा मीच शे."

जयवंतभाऊंनी चक्री बंद ठेवली. मामांनी मोठ्याने सांगितलं, "आकडा महिनास्ना. वरीसना बारा महिनामाईन किती महिना सुरत. ऐक रे सुन्या, मंग म्हनशी समजनं नही."

मी त्यांच्यासमोर कठड्यावर बसले, रुमाल पसरला, आत हात घातला. मला मनातून हसू येत होतं. मामा एक बोट दाबतील, फार तर दोन, सुनील दहा-बारा, मी पाच-सहावर आणून ठेवेन. मोजताना चुकायला मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

मामांनी माझा पंजा दाबला. पाच. सोडला, पुन्हा दाबला. दहा. मग दोन बोटं वेगळी धरून दाबली.

मला वाटलं त्यांची चूक झाली. मी हात तसाच ठेवला. त्यांनी पुन्हा, आधीपेक्षा सावकाश, तेच केलं. पाच. पाच. दोन. आकडा स्पष्ट होता. बारा. वर्षाचे सगळे. सहा महिने स्पीकरवर सुरतेला शिव्या देणारा माणूस रुमालाखाली म्हणत होता की मला घेऊन जा. त्याला फक्त मुलाने ओढून न्यायला हवं होतं.

मला इतका आनंद झाला! सौदा झालाच होता. सुनील बारा म्हणणार, हे म्हणतायत बारा, दोघांच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि सगळ्यांनी आइस्क्रीम खायचं. मी रुमाल सुनीलकडे नेला.

त्याचा हात घामाने ओला होता. त्याने दोन बोटं दाबली. मी वाट बघितली. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा दोन दाबली.

मला त्याचा राग आला. दोन खोल्यांचं घर, नवराबायको दोघं नोकरीवर, हे सगळं मला माहीत होतं, तरी राग आला. आणि मग माझाच आला, कारण शहाद्याला माझ्या घरी चार खोल्या आहेत आणि मामांना मी कधी एका महिन्याचंही विचारलेलं नव्हतं.

मधलं सात. मी सात म्हणायचं ठरवलं. खरं तर आठ. तोंड उघडणार एवढ्यात मामांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. रुमालाकडे नाही, सुनीलकडे नाही, माझ्या तोंडाकडे. पन्नास वर्षं त्यांनी भिंतीसारखं तोंड ठेवलं होतं. ज्याला ते जमत नाही अशा माणसाचं तोंड वाचायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

"दोन!" मामा ओरडले. "दोनच ना व माय? दोन!" आणि मी काही बोलायच्या आत ते जयवंतभाऊंकडे वळले. "देख भो! पोऱ्या बारा मांगी ऱ्हायंता. बारा! मी दोनवर उतारा!"

जयवंतभाऊंनी टाळ्या वाजवल्या. तिकिटवाल्या बाईंनीही वाजवल्या. कशाबद्दल ते त्यांना माहीत नव्हतं. सुनीलची बायको लांबून हसत येत होती. सुनीलला ठाऊक होतं की त्याने बारा मागितले नव्हते, पण तो काही बोलला नाही. बारा कोणी मागितले होते ते मला ठाऊक होतं, मीही बोलले नाही.

मग मामांनी माझा हात ओढून घेतला. रुमालाच्या कोरड्या टोकाने त्यांनी तो पुसला. अंगठा, मग एकेक बोट, मग तळवा, लहानपणी आमरसाने माखलेला पुसायचे तसा. बराच वेळ पुसत होते.

"गया," ते म्हणाले. "आते आइस्क्रीम चारा माले. सौदा जिकेल शे."

कुठले दोन महिने, हे त्यांनी नंतर ठरवलं. जुलै आणि ऑगस्ट. कारण काय, तर पावसात सारंगखेड्याच्या गल्लीत चिखल होतो, गाडी रुतते. सुनीलला ते पटलं. दोन्ही महिने एकतीस दिवसांचे आहेत आणि एका वर्षात लागून येणारे असे दोनच आहेत, हे कॅलेंडरसमोर उभं राहून मी एकटीने मोजलं. दोन पावसाळे ते गेले. सुरतेच्या सोसायटीत त्यांनी रखवालदाराला चालायला लावलं, लिफ्टमनला पळायला लावलं आणि सेक्रेटरीच्या मांडीत दम नाही असं जाहीर केलं. एकतीस ऑगस्टला सकाळी सातला पिशवी घेऊन लिफ्टपाशी हजर. सुनील म्हणायचा, राहा ना चार दिवस. "सौदा म्हंजे सौदा," असं म्हणून ते निघायचे आणि गावात येऊन आपण पोराला कसं उतरवलं ते पुन्हा सगळ्यांना सांगायचे. मी त्यांना शेवटचं बघितलं ते अशाच एका संध्याकाळी. म्हशी त्यांना ओलांडून पुढे गेल्या होत्या, ते अंगणात आले, साखळी खुंट्याला अडकवली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पाहुना, पाय सुधारना."

त्या हिवाळ्यात, घोडेबाजार भरायच्या आधीच, ते झोपेत गेले.

तेराव्यानंतर सुनील गाडी न्यायला आला. नंदुरबारला एका वृद्धाश्रमाला द्यायची ठरली होती. अंगणात आम्ही दोघंच होतो. त्याने साखळी काढली, खुर्चीवरची धूळ झटकली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ताई, त्या दिवशी आबानी किती बोटं दाब्यात?"

मी उभी होते ती सरळ झाले.

"दोन," मी म्हणाले.

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी हलू दिलं नाही.

"दोनच?"

"दोनच. तुन्ही दोन, त्यास्नी दोन. मोजानं कामच पडनं नही."

त्याने केवढा तरी श्वास सोडला. "मंग बरं व्हयनं," तो म्हणाला. "माले रातभर झोप लागत नव्हती." मग गाडीवर बसून त्याने ती टेम्पोच्या फळीकडे मागे घ्यायला सुरुवात केली. टी-टी-टी करत ती अंगणभर वाजत राहिली, आणि मी पदराच्या टोकाने हात पुसला, बोट न बोट.